पीओपीच्या साच्यातून रबरी मासा छिद्राछिद्रांचा का निघतो?

तुमचा प्रश्न असा: पीओपीचा साचा घरी केला, दुसऱ्या दिवशी त्यात प्लास्टिसॉल (तापवून साच्यात ओतायचं पातळ प्लॅस्टिक) ओतलं, तर शॅड, म्हणजे गळाला लावायचा रबरासारखा मऊ नकली मासा, सगळा छिद्राछिद्रांचा निघाला. दोष प्लास्टिसॉलचा की साच्याचा?

दोष घाईचा. दुसऱ्या दिवशी साचा हाताला कडक लागतो, पण आत पाणी तसंच असतं. १ किलो पीओपीला घट्ट व्हायला खरं तर १८५ मिलीच्या आसपास पाणी पुरतं. तेवढ्यात ते ओतण्याजोगं होत नाही, म्हणून आपण ६००-७०० मिली घालतो. जास्तीचं सगळं पाणी उडून जायला हवं. प्लास्टिसॉल ओततो तेव्हा ते १७० अंशांच्या आसपास असतं. ओल लागली की वाफ होते, आणि ती वाफ वाट काढते तुमच्या माशातूनच.

मी सरळ स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरतो. १ किलो पीओपी आणि ६०० मिली पाणी म्हणजे ओला साचा १६०० ग्रॅमचा. पूर्ण वाळला की तो १२०० च्या जरा खाली येतो. रोज सकाळी काट्यावर ठेवायचा. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही की झालं. उन्हाळ्यात गच्चीवर आठवडाभर धरा. पावसाळ्यात आमच्या पेणला आकडा उतरायचं नाव घेत नाही, तेव्हा ओव्हनमध्ये ५०-६० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून. जास्त आच दिलीत तर घट्ट झालेल्या पीओपीचं, म्हणजे जिप्समचं, स्वतःचं पाणीही सुटतं आणि साचा भुसभुशीत होतो.

पेणच्या गणपती कारखान्यांत रबराच्या साच्यात पीओपी ओततात; आपलं काम बरोबर उलटं. पण कालवायची रीत तीच. पाण्यात पीओपी भुरभुरायचं, पीओपीत पाणी ओतायचं नाही. मिनिटभर भिजू द्यायचं आणि सावकाश ढवळायचं. ज्याचा साचा घ्यायचा तो मूळ मासा फेव्हिक्विकच्या थेंबाने डब्याच्या तळाला चिकटवा, नाहीतर तो तरंगून तिरका होतो. मिश्रण कोपऱ्यात ओता, माशावर आपसूक चढू द्या, आणि डबा टेबलावर हलकेच आपटत राहा.

पहिल्यांदा असा एकच उघडा साचा करा. मासा एका अंगाने सपाट निघतो, पण त्याचं पाण्यातल्या जिताडा माशाला काही वाटत नाही, वाटतं ते आपल्यालाच. दोन भागांचा हवा असेल तर मासा अर्धा शाडूत बसवून बाजूला, दोन्ही भाग नीट जुळावेत म्हणून, बोटाने तीन-चार खळगे पाडा आणि वर पीओपी ओता. ते घट्ट झालं की शाडू काढून टाका, पीओपीला व्हॅसलीन फासा, मग दुसरा भाग ओता. ओतायची वाट ठेवायला विसरू नका. व्हॅसलीन विसरलात तर हातात वीट येईल.

साचा वाळल्यावर फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं निम्मं करून तीन हात द्या, प्रत्येक हात सुकवून. मी एकदा ओल्या साच्यालाच हात मारले. चकचकीत दिसला, म्हटलं तयार. पाणी आत कोंडलं, आणि ओतताना थेंब उसळून मनगटावर आला. तापलेलं प्लास्टिसॉल गुळाच्या पाकासारखं चिकटतं, झटकता येत नाही. डाग अजून आहे. तेव्हापासून पूर्ण बाह्या, गॉगल, आणि काम अंगणातच. प्लास्टिसॉल तापवायचं भांडं वेगळं ठेवा. जेवणाचा मायक्रोवेव्ह अजिबात वापरायचा नाही. प्लास्टिसॉल पिवळं पडून तिखट धूर यायला लागला तर तो हायड्रोजन क्लोराइड असतो. आच बंद करा आणि लांब व्हा.

ओतायला शेपटीकडून सुरुवात करा, कारण पातळ भाग आधी गार होतो. पाठ खाली बसली तर गरम असतानाच वरून थोडं घाला. साचा थंड असल्यामुळे पहिले दोन-तीन मासे शेपटीत अर्धवटच निघतात. ते कापून पुन्हा भांड्यात टाका, आणि खाडीत फाटलेले जुने शॅडही त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे असतील तर त्यांच्यासोबत.