ई. पॉल टॉरन्स यांचं नाव सारखं का येतं?

सर्जनशीलतेवर काहीही वाचलं की हे नाव येतं, हे खरं. टॉरन्स (१९१५-२००३) हे अमेरिकेतल्या जॉर्जियाचे मानसशास्त्रज्ञ आणि हाडाचे शिक्षक. १९६६ मध्ये आलेली त्यांची सर्जनशील विचारांची चाचणी आजही वापरात आहे. तिच्यात एकच बरोबर उत्तर नसतं. खेळण्यातला कापडी हत्ती दाखवतात आणि विचारतात, याच्याशी खेळायला आणखी मजा यावी म्हणून काय काय कराल? किती कल्पना सुचल्या, त्या किती वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत, इतरांना सहसा न सुचणाऱ्या किती, यावर गुण. (आपल्याकडच्या 'गाइडमधलंच उत्तर लिही' पद्धतीच्या अगदी उलट!)

पण मला त्यांचं मोठं काम वाटतं ते दुसरंच. १९५८ पासून मिनेसोटातल्या शाळकरी मुलांचा त्यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. साधारण चौथीत मुलांची कल्पकता मंदावते, हेही त्यांनीच लक्षात आणून दिलं. पुढे दिसलं की ज्यांना पाठीशी उभा राहणारा मार्गदर्शक लाभला, त्यांच्या हातून सर्जनशील काम जास्त झालं. स्वतः टॉरन्सही निवृत्तीनंतर विद्यार्थ्यांसाठी असेच मार्गदर्शक राहिले.