बॉक्सिंगमध्ये पंच (ठोसा) मारताना अंगाचं वजन नेमकं कुठे न्यायचं?

तुम्ही लिहिलंय की पुढे झुकून मारलं तर तोल जातो आणि न झुकता मारलं तर सरावाची टांगलेली बॅग हलतसुद्धा नाही. माझंही पहिले चार-पाच महिने हेच चाललं होतं. ठाण्यात एका छोट्या क्लबमध्ये शिकत होतो. मी क्रॉस (मागच्या हाताचा सरळ पंच) मारायला जायचो आणि सर ऐन वेळी बॅग बाजूला ओढायचे. मी दोन पावलं धडपडत भिंतीपाशी. म्हणाले, ‘अरे, तू मारत नाहीयेस, पडतोयस. बॅग मध्ये येते म्हणून वाचतोस.’

तुम्ही उजव्या हाताचे आहात, डावा पाय पुढे, असं धरून सांगतो. क्रॉसची सुरुवात खांद्यातून करू नका. उजव्या पायाच्या चवड्याने जमीन दाबा, टाच उचलून बाहेर फिरवा, मग खुबा, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. या फिरण्यानेच वजन डाव्या पायावर येतं, मुद्दाम ढकलावं लागत नाही. नाक डाव्या गुडघ्याच्या पुढे गेलं की समजा, तुम्ही कमरेतून वाकलात.

आता मुख्य गोष्ट. क्रॉस संपला तेव्हा वजन डाव्या पायावर आहे ना? तिथूनच डावा हुक (कोपर वाकवून बाजूने मारायचा पंच) निघतो. डावा चवडा फिरवा, खुबा उजवीकडे वळू द्या, वजन परत उजव्या पायाकडे. म्हणजे एक पंच पुढच्याची तयारी करून ठेवतो. ८ मार्च १९७१ ला बॉक्सर जो फ्रेझरने पंधराव्या फेरीत डाव्या हुकने महंमद अलीला खाली पाडलं, तो क्षण हळू करून बघा. हाताकडे नको, फ्रेझरच्या गुडघ्यांकडे बघा. अलीपेक्षा बुटका माणूस, पण सगळा जोर खालून आणलेला.

जॅबला (पुढच्या हाताचा सरळ पंच) एवढा विचार लागत नाही. मागच्या पायाने ढकला, पुढचं पाऊल वीतभर सरकवा, पाऊल टेकताना मूठ पोचली पाहिजे. वजन जवळजवळ मधेच राहतं.

मला हे खरं कळलं ते ठाणे-वाशी लोकलमध्ये. हँडल न धरता स्टान्स (बॉक्सरची उभं राहायची पद्धत) घेऊन उभा राहायचो. ब्रेक लागला की वजन एका पायावर जातं, गाडी सुटली की दुसऱ्यावर. गुडघे सैल असले तर डोकं जागचं हलत नाही. कमरेतून वाकलात की शेजारच्याच्या अंगावर. (गर्दीच्या वेळी हा प्रयोग करू नका, शिव्या खाल.)

घरी करायचं तर गच्चीवर खडूने रेघ मारा. डावा पाय रेघेच्या डावीकडे, उजवा उजवीकडे. दोन्ही एकाच रेघेवर आले तर फिरायला पायाच उरत नाही. क्रॉस अगदी हळू मारा आणि हात लांब असतानाच थांबा. त्याच जागेवरून पाय न हलवता हुक मारता आला तर जमलं. नाही आला तर तुम्ही अजून पडताय. जोर महिनाभर विसराच.

आणि जाड रबरी तळाचे धावायचे बूट नकोत. तळ जमिनीला चिकटतो, पाऊल फिरत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. माझा उजवा गुडघा त्यापायी तीन आठवडे ठणकत होता.