सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलंच नाही, मग अपेंडिसायटिस नाही असं समजायचं का?

नाही, तसं धरून चालू नका. तुम्ही लिहिलंय, मुलगा अकरा वर्षांचा, काल बेंबीपाशी दुखत होतं ते आज उजवीकडे खाली उतरलंय, आणि देवगडच्या रिपोर्टवर ‘अपेंडिक्स नॉट व्हिज्युअलाइज्ड’ असा शेरा आहे. त्याचा अर्थ एवढाच, की शोधूनही सापडलं नाही.

ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. पोटावर फिरवायचा नेहमीचा गोलसर प्रोब (सोनोग्राफीचं हातातलं यंत्र) बाजूला ठेवून ७ ते १२ मेगाहर्ट्‌झचा सपाट, लिनियर प्रोब घ्यायचा. मुलगा बोट ठेवून ‘इथंच’ म्हणेल तिथून सुरुवात. दाब हळूहळू वाढवला की आतड्यातला गॅस सरकतो आणि पोटाच्या मागच्या भिंतीचा सोआस स्नायू, पायाकडे जाणाऱ्या इलियाक रक्तवाहिन्या दिसू लागतात. त्या दिसेपर्यंत दाब पुरेसा नाही. सोडतानाही सावकाश, झटक्यानं सोडलं तर पोर कळवळतं, पोट ताठ करतं, मग पुढचं सगळं अवघड. सीकमपासून (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीपासून) निघणारी, एका टोकाला बंद, हालचाल नसलेली आणि दाबूनही न चपटणारी नळी शोधायची. बाहेरून बाहेर ६ मिमीहून जास्त व्यास, भोवतीची चरबी पांढरट, डॉप्लरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) भिंतीत वाढलेला रक्तप्रवाह, आत खडा असल्यास त्यामागे काळी सावली. नुसते ७ मिमी आणि बाकी सगळं शांत, एवढ्यावर मी तरी ऑपरेशन ठरवणार नाही. नळी बंद टोकापर्यंत बघायलाच हवी, कधीकधी सूज फक्त टोकाला असते.

सीकमच्या मागे दडलेलं अपेंडिक्स हमखास चुकतं. डाव्या कुशीवर वळवून पाहिलं तर कधी सापडतं. फुटलेलंही चुकतं, कारण आतला दाब गेला की नळी चपटते. म्हणून दुखणं एकाएकी कमी झालं आणि ताप चढला तर उतार पडला असं समजू नका.

रिपोर्टच्या बाकीच्या ओळी वाचा: पाणी साचलंय का, चरबी सुजलीय का, लसिकाग्रंथींच्या (लिम्फ नोड्सच्या) गाठी आहेत का. नुसत्या गाठी असल्या तरी अपेंडिसायटिस बाद होत नाही. रिपोर्ट आणि सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) घेऊन आजच सर्जनला दाखवा. हात लावून पोट तपासल्यावर शंका उरली, तर काही तासांनी पुन्हा सोनोग्राफी किंवा सीटी, हे ते ठरवतील. तोवर तोंडानं काही नको. एरंडेल तर नकोच, शेकही नको.

कणकवली गाठायची की थेट मोठं रुग्णालय, हे उजेडातच ठरवा. पावसात करूळ-भुईबावडा घाटांत दरड आली की कोल्हापूरची वाट अडते. उलट्या थांबत नसतील किंवा पोट फळीसारखं कडक झालं असेल तर गाडीची वाट न बघता १०८ लावा.