ब्रिटनीतले दगडी क्रूस आणि ‘काल्व्हेर’

फ्रान्सच्या वायव्य टोकाला असलेल्या ब्रिटनीत, गावच्या दफनभूमीत जुने दगडी क्रूस असतात. त्यांना फ्रेंचमध्ये ‘काल्व्हेर’ म्हणतात, तर मराठीत ‘वधस्तंभ’ म्हणावे की ‘क्रूस’, असा प्रश्न आला आहे.

‘वधस्तंभ’ नको. मराठी बायबलमुळे तो शब्द रुळला आहे खरा, पण त्यात शिक्षेचे साधन डोळ्यांपुढे येते. इथे बोलणे चालले आहे ते लोकांनी श्रद्धेने उभारलेल्या दगडी कामाबद्दल. एकटा उभा खांब आणि त्यावर आडवी पट्टी एवढेच असेल, तर सरळ ‘क्रूस’ म्हणावे. आपला क्रूस पोर्तुगीज ‘क्रुझ’वरून आला. ब्रेटन भाषेतला ‘क्रोआझ’ही त्याच लॅटिन ‘क्रुक्स’च्या कुळातला. इतका जवळचा शब्द हाताशी असताना नवा कशाला घडवायचा?

काल्व्हेर मात्र वेगळे. लॅटिनमध्ये ‘काल्व्हारिया’ म्हणजे कवटी. येशूला जिथे क्रुसावर खिळले त्या जागेच्या अरामी नावाचे ते भाषांतर. मराठी बायबलमध्ये हीच जागा ‘गुलगुथा’ नावाने येते आणि लगेच ‘म्हणजे कवटीची जागा’ असा खुलासाही येतो. म्हणून अशा कामात क्रुसाच्या पायथ्याशी पुष्कळदा आदामाची (बायबलमधल्या पहिल्या माणसाची) कवटी कोरलेली दिसते. ब्रिटनीतल्या मोठ्या काल्व्हेरमध्ये दगडी चौथऱ्यावर मधला क्रूस, बहुधा शेजारी दोन चोरांचे क्रूस, आणि भोवती येशूच्या जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतची सगळी कथा मूर्तींतून मांडलेली असते. त्रोनोएनचे काल्व्हेर पंधराव्या शतकातले, या मोठ्या कामांतले सर्वांत जुने मानले जाते. गिमिलियोचे १५८१ ते १५८८ मधले. त्यावर सुमारे २०० मूर्ती आहेत आणि शिपायांच्या अंगावर कारागिरांच्या काळचाच पेहराव आहे! तिथेच कातेल गोलेत ही लोककथेतली पापी मुलगी नरकाच्या जबड्यात ओढली जाताना दिसते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ही कथा समोर उभे राहून वाचता येत होती. एवढ्या भरगच्च कामाला नुसते ‘क्रूस’ म्हणणे मला अपुरे वाटते. ‘काल्व्हेर’ हाच शब्द घ्यावा आणि पहिल्या वेळी ‘मूर्तींसह क्रूसशिल्प’ अशी फोड द्यावी. गोंधळ होतो तो फ्रेंच बोलीमुळे. तिथे रस्त्याकडेच्या साध्या क्रुसालाही लोक सर्रास काल्व्हेर म्हणतात.

प्लेगच्या साथीमुळे उभारलेल्या क्रुसासाठी ‘प्लेगचा क्रूस’ हा शब्द तर बेलाशक वापरावा. १५९८ च्या साथीनंतर प्लुगास्तेल-दाउलास इथे १६०२ ते १६०४ मध्ये काल्व्हेर उभे राहिले. त्याच्या क्रुसाच्या खांबावरचे गोल उंचवटे म्हणजे प्लेगच्या गाठी, असे सांगतात. मुंबईत १८९६ च्या प्लेगच्या काळात ख्रिस्ती वस्त्यांनी उभारलेले क्रूस आजही आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता ‘दफनभूमीतला’ या शब्दाबद्दल. ब्रिटनीत चर्च, काल्व्हेर, अस्थिगृह, कमानीचा दरवाजा आणि कबरी हे सगळे एकाच दगडी भिंतीच्या आत असे. पुढे अनेक गावांनी कबरी गावाबाहेर नेल्या, क्रूस मात्र जागेवरच राहिले. म्हणून ‘चर्चच्या आवारातला’ असे लिहिणे अधिक बरोबर; कबरी अजून तिथेच असतील, तरच ‘दफनभूमीतला’ लिहावे.