मुलाच्या कानात ट्यूब बसवली आहे. आजी कोमट तेल घाला म्हणते, घालू का?

आजींना हात जोडा, पण तेल नको. ट्यूब म्हणजे कानाच्या पडद्यात बसवलेली बारीक नळी. तिला आरपार भोक असतं, तेल थेट पडद्याच्या आत उतरतं. पहिले दोन-तीन दिवस पाणी किंवा किंचित लालसर स्राव आला तर घाबरू नका. त्यानंतर पू आला, वास आला तर डॉक्टरांना दाखवा. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने ड्रॉप घालू नका. डॉक्टरांनी दिलेली बाटली मुठीत धरून कोमट करा, पोराला कुशीवर झोपवून थेंब टाका आणि कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा चार-पाच वेळा दाबा, म्हणजे औषध आत जातं. अंघोळीचं फार टेन्शन नाही. विहिरीत, गोदावरीत सूर मारणं मात्र बंद! ट्यूब बहुधा ६ ते १८ महिन्यांत आपोआप गळते. तोवर चार-सहा महिन्यांनी कान दाखवायचा असतो. सोयाबीन काढणीच्या घाईत नेमकं तेच राहून जातं.