वाचकांचे प्रश्न : मॉरिशसमधले पराभूत खासदार आणि साखरेचा भाव

प्रश्न : गेल्या भाद्रपदात आम्ही उभयता मॉरिशसला जाऊन आलो. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते, हे पाहून आनंद झाला. आमच्या मराठी यजमानांनी मात्र सांगितले, की त्यांच्याकडे निवडणुकीत पडलेला उमेदवारही खासदार होऊ शकतो. हे खरे आहे का आणि असल्यास कशासाठी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या यजमानांनी सांगितले ते खरे आहे. मॉरिशसच्या मुख्य बेटावर 20 मतदारसंघ असून प्रत्येकातून तीन खासदार निवडून येतात. मतदाराला तिन्ही मते द्यावीच लागतात. एकाच किंवा दोनच नावांपुढे खूण केली, तर मतपत्रिका बाद ठरते. रॉड्रिग्ज बेटाचे दोन खासदार धरून ही संख्या 62 होते. त्यानंतर पराभूत उमेदवारांमधून जास्तीत जास्त आठ जणांना सभागृहात घेतले जाते. ही पद्धत तिथे ‘बेस्ट लूझर’ या नावाने ओळखली जाते.

घटनेने लोकसंख्येचे चार गट मानले आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि या तिन्हींत न बसणारे बाकी सगळे, म्हणजे प्रामुख्याने क्रिओल (आफ्रिकी आणि मिश्र वंशाचे) आणि फ्रेंच वंशाचे लोक. आपल्या यजमानांसारखे मराठी भाषक हिंदू गटात मोजले जातात. निकालानंतर ज्या गटाला लोकसंख्येच्या मानाने सर्वांत कमी जागा मिळाल्या असतील, त्या गटाच्या पराभूत उमेदवारांपैकी आपल्या मतदारसंघात मतांची सर्वाधिक टक्केवारी मिळवणाऱ्याला पहिली जागा दिली जाते. पहिल्या चार जागा अशाच भरतात. उरलेल्या जागा देताना पक्षांचे निवडणुकीतले बलाबल बिघडू नये, याचीही काळजी घेतली जाते.

याचे मूळ स्वातंत्र्याच्या काळातल्या भीतीत आहे. 1967 ची निवडणूक प्रत्यक्षात स्वातंत्र्य हवे की नको याच प्रश्नावर लढली गेली आणि सुमारे 44 टक्के मते विरोधात पडली. हिंदू बहुसंख्य असलेल्या राज्यात आपले काय होईल, ही धास्ती अल्पसंख्याकांना होती. जानेवारी 1968 मध्ये राजधानी पोर्ट लुईमध्ये दंगली उसळल्या, ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, 12 मार्चला, देश स्वतंत्र झाला. अशा वेळी प्रत्येक गटाला सभागृहात जागेची हमी देणे हा शहाणपणाचा निर्णय होता, असे मला मनापासून वाटते. परंतु जनगणनेत हे गट विचारणे पुढे बंद झाल्यामुळे आजही हिशेब 1972 च्या आकड्यांवरच होतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येवर आजचे खासदार ठरावेत, याचे समर्थन करता येत नाही. उमेदवाराला आपला गट जाहीर करण्याची सक्ती करण्यावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही 2012 मध्ये प्रतिकूल मत दिले आहे.

तरीही ही तरतूद निरुपयोगी नाही. 2024 च्या निवडणुकीत मुख्य बेटावरच्या सगळ्या 60 जागा एकाच आघाडीने जिंकल्या (असे तिथे 1982 आणि 1995 मध्येही घडले होते) आणि सत्ता गमावलेल्या आघाडीला सभागृहात पाऊल ठेवता आले ते केवळ याच मार्गाने. समाजासमाजांतला तोल तिथे किती नाजूक आहे, हे चलनी नोटेवरही दिसते. नोटेवर तमिळ आणि हिंदी मजकूर एकाखाली एक असतो. 1998 च्या नव्या नोटांवर हिंदी वर आणि तमिळ खाली गेल्यामुळे तमिळ समाजाने तीव्र आक्षेप घेतला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या.

प्रश्न : उसाखेरीज फारसे काही नसलेला हा देश इतका सुस्थितीत कसा? भारतात येणारी परकीय गुंतवणूक अनेक वर्षे मॉरिशसमधून येत असे, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : संबंध आहे, पण तो बराच नंतरचा. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी, ज्यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, 1961 च्या अहवालात या बेटाचे भवितव्य अतिशय काळजीचे दाखवले होते, कारण लोकसंख्या झपाट्याने वाढत होती आणि निर्यात जवळजवळ पूर्णपणे साखरेवर अवलंबून होती. दिवस पालटले ते साखरेमुळेच. 1975 च्या करारान्वये युरोपने दरवर्षी सुमारे 5 लाख टन साखर ठरलेल्या भावाने घेण्याची हमी दिली आणि हा भाव बहुतेक वर्षी जागतिक बाजारापेक्षा चांगलाच चढा राहिला. सरकारने फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या नाहीत. निर्यातीवर कर बसवून त्या पैशातून शिक्षण, आरोग्य आणि निवृत्तिवेतन चालवले. मळेवाल्यांनी आपला नफा 1970 पासून सवलती मिळालेल्या निर्यातक्षम कापड उद्योगात घातला, तिथे हाँगकाँगचे भांडवलही आले आणि हजारो स्त्रियांना प्रथमच पगाराची नोकरी मिळाली. उसाचे राजकारण जवळून पाहणाऱ्या महाराष्ट्राने ही तडजोड मुद्दाम अभ्यासावी, इतकी ती महत्त्वाची आहे. युरोपची हमी 2009 मध्ये संपली. आता पर्यटन आणि वित्तीय सेवा यांचा मोठा आधार आहे.

गुंतवणुकीचे कारण 1982 चा भारत-मॉरिशस करकरार. मॉरिशसमध्ये नोंदलेल्या कंपनीने भारतातले शेअर विकून नफा कमावला, तर त्यावर कर आकारण्याचा अधिकार मॉरिशसकडे होता, आणि मॉरिशस असा कर घेतच नव्हते. त्यामुळे इतर देशांचा पैसाही पोर्ट लुईचा पत्ता घेऊन भारतात येई. 2016 मध्ये करार बदलला आणि 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरवरच्या नफ्यावर भारत कर लावू लागला.