दारातला माठ बंद करू का?

प्रश्न : ताई, उन्हाळ्यात मी दारात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी माठ आणि कडुलिंबाखाली पाखरांसाठी वाडगं ठेवते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, "आपल्यालाच पुरत नाही आणि तू वाटत सुटलीस. वर डास होतात ते वेगळंच." आता घरातलेही तेच म्हणायला लागलेत. बंद करू का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : बंद करू नका. पण काकूंचं डासांबद्दलचं बोलणं खरं आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून बसतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. म्हणून वाडगं रोज सकाळी काथ्यानं घासा, साबण लावू नका. भांडं मातीचं, पसरट असावं, पाणी दोन-तीन बोटंच. मधे एखादा दगड ठेवा, म्हणजे मधमाशीही बुडायच्या भीतीशिवाय पिईल. उरलेलं पाणी कडुलिंबाच्या बुडाशी ओता. एवढ्याला लागतं तांब्याभर पाणी. ते वाया गेलं असं मी कधीच म्हणणार नाही.

माठाचं मात्र सविस्तर सांगते. माझी आई विड्या वळायची. तयार विड्यांची टोपली घेऊन दुपारी कारखान्यात जायची, येताना पानं-तंबाखू घेऊन यायची. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42च्या पुढे जातो, तसल्या उन्हात. वाटेत दोन घरी पाणी मिळायचं. एका घरी बाई उंबऱ्यातून, वरून धार धरायची, आईनं ओंजळ करायची. दुसऱ्या घरी झाकलेला रांजण, ओगराळं, घासलेला पेला आणि टेकायला एक फळी होती. हे घर आडवाटेला, तरी आई तिथंच जायची. पाणी दोन्हीकडचं गारच होतं. तेव्हा तुमच्या माठावर झाकण असू द्या, पेला रोज घासा, आणि शेजारी बसायला काहीतरी ठेवा.

सोलापुरात पाण्याची ओढ आजची नाही. बाराव्या शतकात संत सिद्धरामेश्वरांनी भक्तांना हाताशी घेऊन तलाव खोदला, तो याच कोरड्या मुलखात. पाणी मुबलक असतं तर खोदायचं कारणच काय होतं?

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. फुटलेली काच कचऱ्यात तशीच टाकू नका. जाड कागदात गुंडाळा, वर "काच" असं लिहा. घंटागाडीवरच्या माणसाचा हात त्या पिशवीत जातो. आणि गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेच्या दिवसांत झाडावर नायलॉनचा मांजा दिसला, तर हाती येईल तेवढा काढून बारीक तुकडे करून टाका. 2017 पासून देशभर बंदी असूनही तो विकला जातोच, आणि त्यात अडकलेलं पाखरू सुटायच्या धडपडीत जास्तच कापलं जातं.

काकूंशी वाद नको. वाडगं घासताना त्यांना दिसू द्या. नळाला पाणी लांबलं, तर त्या दिवशी माठ अर्धाच भरा. घरातल्या लेकरांच्या पिण्यातलं काढून वाटणं मलाही मान्य नाही.